मालिकेला मागचं आठवत का नाही?

सेलूहून एका ताईंनी विचारलंय: "दुपारची जेवणं उरकली की आई, मी आणि शेजारच्या दोघी मिळून मालिका बघतो. रात्री लाइट गेल्यामुळं राहिलेला भागही दुसऱ्या दिवशी दुपारी लागतो तेव्हा बघून घेतो. पण अलीकडं लिखाण इतकं घसरलंय की आई टीव्हीशी भांडते. शिकलेली, नोकरी करणारी सून कुणाच्याही चिठ्ठीवर विश्वास ठेवते, मेलेला माणूस परत येतो, सहा महिन्यांपूर्वी काय झालं ते कुणालाच आठवत नाही. लेखकांना हे दिसत नाही का? की आम्हाला काही कळत नाही असं धरूनच चालतात? आणि आम्ही बघणं सोडून द्यावं का?"

ताई, आधी संवाद आणि पुढं पटकथा, असं दैनंदिन मालिकांच्या लिखाणात माझं उमेदीचं वय गेलं. मी मूळचा अंबाजोगाईचा. आता संभाजीनगरला असतो आणि नव्या मुलामुलींची स्क्रिप्टं वाचून देतो. तुमच्या प्रश्नातलं "कुणालाच आठवत नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. एरवी तक्रार येते ती मालिका लांबवल्याची. पाणी घातलं, ताणलं, कधी संपणार, अशी. तुम्ही त्याच्या पुढं गेलात. दुखणं आहे ते तिथंच.

संथपणाचा आपल्या माणसांना कधीच त्रास नव्हता. मराठवाड्यात गावोगावी सप्ताह बसतो, चातुर्मासात पोथी लागते. कथा ऐकणाऱ्या प्रत्येकीला पुढं काय होणार ते तोंडपाठ असतं. कीर्तनकार एकाच प्रसंगावर तास लावतो, तरी बाया उठत नाहीत. पैठणच्या नाथांची भारुडं चारशे वर्षांहून जास्त काळ लोक ऐकतायत. म्हणजे रोज थोडं थोडं ऐकणं, ऐकलेलंच पुन्हा ऐकणं, एका प्रसंगात बराच वेळ मुरणं याची सवय आपल्याला टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे. पण पोथीतलं माणूस काल जे बोललं ते आज विसरत नाही. दिलेला शब्द, घेतलेला शाप, केलेलं पाप, सगळ्याचा हिशेब पुढं कुठंतरी होतो. ऐकणारी बाई त्या हिशेबासाठी बसलेली असते. मालिकेनं तो हिशेबच बुडवला की तिला फसवल्यासारखं वाटतं, आणि मग आई टीव्हीशी भांडते.

एक उदाहरण जरा जवळून दाखवतो. नाव बदललंय, दोन-तीन मालिकांमधलं एकत्र केलंय. नायिका शालन. पहिल्याच महिन्यात एक सुंदर प्रसंग आहे: तिच्या बापानं न वाचता कागदावर अंगठा दिला आणि दोन एकर रान गेलं. ती तेव्हा शाळेत. त्या दिवसापासून ती किराणा दुकानाची पावतीसुद्धा वाचल्याशिवाय खिशात टाकत नाही. लोकांनी हा प्रसंग उचलून धरला, कारण अशी घरं आपल्या आसपास आहेत. पुढं दोनशे-अडीचशे भाग होतात. सासू एक कागद पुढं करते, "घरपट्टीचं आहे गं, सही कर," म्हणते. आणि शालन स्वयंपाकघरातून हात पुसत येते आणि सही करते. घर हातचं जातं. तिच्या तोंडावर कॅमेरा तीनदा जातो, संगीत वाढतं, भाग संपतो.

हे लिहिणाऱ्याला अक्कल नव्हती असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात काय झालेलं असतं ते सांगतो. श्रेयनामावलीत तुम्ही तीन नावं बघता: कथाविस्तार, पटकथा, संवाद. कथाविस्तारवाला पुढच्या काही आठवड्यांत काय घडणार ते ठरवतो. पटकथाकार एका भागाचे सात-आठ सीन पाडतो. संवादलेखक त्यात बोलणं भरतो. तिघं बऱ्याचदा तीन गावांत बसलेले असतात, एकमेकांना फोनवरच ओळखतात. ज्यानं अंगठ्याचा प्रसंग लिहिला, तो एव्हाना दुसऱ्या मालिकेवर गेलेला असतो. नव्या संवादलेखकाच्या हाती रात्री व्हॉट्सॲपवर एक वन-लाइन पडते: "सासू फसवून सही घेते. शालन हादरते. फ्रीज." (फ्रीज म्हणजे चेहऱ्यावर चित्र थांबवून भाग संपवणं.) सकाळी नऊच्या शिफ्टला ते कागद सेटवर लागणार असतात. त्यानं मागचे अडीचशे भाग कधी बघायचे? आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे, म्हणजे दर आठवड्याला दोन तासांहून जास्त मजकूर लिहून, शूट करून, जोडून द्यायचा. जवळजवळ एक सिनेमा, दर आठवड्याला, वर्षानुवर्षं.

आता यातली एक गोष्ट नीट बघा. सेटवर कंटिन्युटी सांभाळायला माणूस असतो. कालच्या सीनमध्ये नायिकेनं कुठलं कानातलं घातलं होतं, बांगड्या किती होत्या, पदर डाव्या खांद्यावर होता की उजव्या, हे तो वहीत लिहितो, फोटो काढून ठेवतो. त्यात चूक झाली तर शॉट पुन्हा होतो. पण तिनं गेल्या दिवाळीत भावाला काय शब्द दिला होता, हे लिहून ठेवायला कुणी नाही. साडीची आठवण ठेवायला पगारी माणूस आहे, स्वभावाची आठवण ठेवायला नाही. सगळं आठवणारं माणूस सेटवर बहुधा एकच असतं, ते काम करणारी नटी. कित्येकदा त्याच म्हणतात, "अहो, माझी बाई असं करणार नाही, तिचं आधी असं झालेलं आहे." वेळ असेल तर दिग्दर्शक दोन वाक्यं बदलतो. बहुतेक वेळा वेळ नसतो.

आणि हेच प्रकरण त्याच खर्चात, त्याच सेटवर, त्याच दिवशी नीट लिहिता येतं. शालननं कागद वाचायचा. बास, एवढंच. असं:

सासू: वाचायलीस काय? इश्वास नाही का माझ्यावर?

शालन: इश्वास हाय. पर माझ्या बापानं बी इश्वासानंच अंगठा दिला व्हता. (वाचते. थांबते.) घरपट्टीचं नाही हे.

सासू: मग? करनार नाहीस सही?

शालन: दादांचं आपरेशन सोमवारी हाय. तुमच्याबिगर कोन पैसे देनार हाय आमाला? आना पेन.

घर तसंच जातं. खलनायिका तशीच जिंकते. गुरुवारच्या आकड्याला धोका नाही. पण शालन मूर्ख ठरत नाही, तिला बापाची आठवण आहे, आणि तरीही तिनं सही केली म्हणून पुढचे पंधरा भाग तिच्या त्या निर्णयावर उभे राहतात. सासूला आता माहीत आहे की सुनेला सगळं कळलेलं आहे. दोघींनी एकाच घरात, एकाच चुलीपाशी हे ठेवून जगायचं. लेखकाला यापेक्षा जास्त काय लागतं? मी नव्या मुलांना हाच सराव देतो: वन-लाइन बदलू नका, ती तुमच्या हातात नाही, पण त्या माणसाचं मागचं एक काहीतरी सीनमध्ये आणा.

गुरुवार म्हटलं, ते काय ते सांगितलं पाहिजे. प्रेक्षकसंख्या मोजण्याचं काम २०१५ पासून बार्क ही संस्था करते. देशभरात पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत मीटर लावलेले आहेत, ती घरं कुठली हे गुप्त असतं. चॅनेलच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतो आणि कुठलं चॅनेल किती मिनिटं चालू होतं याची नोंद ठेवतो. आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात. चॅनेलची जाहिरातीची कमाई यावर ठरते, त्यामुळं त्या दिवशी निर्मात्याला, मग कथेवर लक्ष ठेवणाऱ्या क्रिएटिव्हला, मग लेखकाला फोन जातात.

आकडा काढायची ही पद्धत खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. तिच्याकडून जे कळतं त्यापेक्षा जास्त काढून घेतलं जातं, एवढं म्हणणं आहे. आकडा सांगतो की लोक सव्वासातला उठून गेले. का गेले ते सांगत नाही. क्रिकेटचा सामना होता, लग्नसराई होती, लाइट गेली, पेरणीचे दिवस आले, कापूस वेचून बाया अंधार पडल्यावर घरी आल्या, की सीन वाईट होता? बीड-जालन्याकडची हजारो घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती उन्हाळा लागल्यावरच परततात. त्या घरांमधला टीव्ही सहा महिने बंद. मोबाइलवर ॲपमध्ये बघणारे या टीव्हीच्या आकड्यात येत नाहीत. पण बैठकीत अर्थ एकच काढला जातो: ट्रॅक, म्हणजे चालू कथानक, पडला, बदला. चार महिन्यांचा कथाविस्तार लिहिलेला असतो, तो एका दुपारी रद्द होतो. नवरा-बायकोचा हळूहळू वाढणारा दुरावा लिहायचा होता, तिथं अचानक अपघात येतो, स्मृती जाते, जुळी बहीण येते. तुम्हाला जे "असं कसं झालं?" वाटतं, त्यामागं बहुतेक वेळा एक गुरुवार असतो.

सुरुवात चांगली का असते, हेही यातूनच कळेल. पहिले काही महिने चॅनेल आणि लेखक यांनी एकत्र बसून, भांडून, पुन्हा पुन्हा लिहून पक्के केलेले असतात. काही भाग आधीच शूट करून हाताशी ठेवलेले असतात, त्याला आम्ही बँक म्हणतो. बँक आहे तोवर लेखक विचार करू शकतो. बँक संपली की आज लिहिलेलं उद्या शूट आणि परवा टीव्हीवर. कुणाला डेंग्यू झाला, कुणाची आई वारली, कुणी मालिका सोडली, की कथा त्याच रात्री वळवायची. २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग बंद झाली, जूनच्या अखेरीपासून पुन्हा सुरू झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात निर्बंध आले तेव्हा कित्येक युनिटं गोव्याला, सिल्वासाला, दमणला गेली आणि मे महिन्यात गोव्यानंही परवानगी काढून घेतली. त्या काळात लेखकांनी जे निभावलं ते कौतुकाचं होतं. पण उद्याचं आज लिहायची ती सवय नंतर बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली, असं माझं मत आहे.

बाहेरच्या भाषेतून आणलेल्या मालिकांचा आणखी एक घोळ असतो. 'आई कुठे काय करते' ही मूळ बंगाली 'श्रीमोयी'वरून आली, हिंदीतली 'अनुपमा'ही त्याच मुळाची. मूळ मालिका २०२१ च्या अखेरीस संपली, मराठी २०२४ पर्यंत चालली. अशा वेळी सुरुवातीची वर्षं लेखकाच्या हातात बांधीव गोष्ट असते. मुळातली गोष्ट संपली की पुढं सगळं नव्यानं रचावं लागतं, आणि ते रचायला वेळ तोच, दिवसाला एक भाग. प्रेक्षकांना नेमकं तिथंच जाणवतं की आता काहीतरी बदललंय, सांगता मात्र येत नाही.

संवादांत तेच तेच सांगतात, ही तक्रारही खूप येते. "आज सकाळी आबांनी सगळ्यांसमोर जे सांगितलं ना, की वाड्याची वाटणी होणार..." ऐकणाऱ्या माणसालाही ते माहीत, आपल्यालाही माहीत, मग कशाला? याचं कारण मी तुमच्या बाजूनं सांगतो. संध्याकाळी सातच्या स्लॉटला आपल्याकडची बाई भाकरी थापत असते. टीव्हीकडं तिची पाठ असते, ती ऐकते. तव्याचा आवाज, लेकरांचा आवाज, मध्येच कुकरची शिट्टी. तिला चेहरा दिसत नाही म्हणून नाव घ्यावं लागतं, मधलं वाक्य चुकलं असेल म्हणून पुन्हा सांगावं लागतं. हा प्रकार जन्मालाच असा आला. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेडिओवर दुपारी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी या मालिका सुरू झाल्या, साबणवाल्या कंपन्यांनी पैसा घातला म्हणून सोप ऑपेरा हे नाव पडलं. 'गाइडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये थांबली. 'जनरल हॉस्पिटल' १९६३ पासून अजून चालू आहे. त्यामुळं पुन्हा सांगणं हा दोष मी मानत नाही. पण दुसऱ्यांदा सांगताना भावना पुढं सरकली पाहिजे. वाटणीची बातमी थोरली सांगते तेव्हा तिला आनंद झालेला असतो, धाकटी सांगते तेव्हा भीती, आणि म्हातारी सांगते तेव्हा तिच्या आवाजात तिचं सगळं आयुष्य येतं. बातमी तीच, पण तीन बायका कळतात. तिघींच्या तोंडी एकच वाक्य एकाच सुरात आलं तर तो कंटाळा, आणि त्याला कुणी रेडिओची परंपरा म्हणू नये.

दुसरा मोठा दोष खलनायिकेचा म्हणतात. मी नायिकेचा म्हणेन. चॅनेलच्या बैठकीत एक भीती कायम असते: नायिका चुकली, चिडली, स्वार्थी वागली तर प्रेक्षक तिला टाकतील. म्हणून तिला काही हवंसंच ठेवत नाहीत. तिला शेत नावावर हवं नसतं, बदली हवी नसते, नणंदेचा हेवा वाटत नसतो, नवऱ्यावरचा राग तीन मिनिटांत ओसरतो. मग गोष्ट पुढं ढकलायची कुणी? जिला काहीतरी हवं आहे तिनं. ती एकटी खलनायिका. त्यामुळं सगळे बेत तिचे, सगळी हालचाल तिची, आणि ते बेत यशस्वी व्हायला बाकीचं अख्खं घर बावळट व्हावं लागतं. तुमची शिकलेली सून चिठ्ठीवर विश्वास ठेवते ती यामुळं. खरं तर प्रेक्षक नायिकेची चूक पोटात घालतात, तिचा बावळटपणा घालत नाहीत. १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'दामिनी' आली, मराठीतली पहिली दैनंदिन मालिका. नायिका पत्रकार होती. तिला बातमीचा पाठपुरावा करायचा असायचा, म्हणून गोष्ट तिच्या पायांनी चालायची. त्या वेळी आमच्याकडं त्या मालिकेसाठी बाया शेजारच्या घरी जमायच्या.

मग उपाय काय, असं विचाराल. एकाच माणसाच्या डोक्यात गोष्ट असणं, हा मला माहीत असलेला सगळ्यांत खात्रीचा उपाय. १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली, मनोहर श्याम जोशी हे तिचे लेखक. दीडशेच्या वर भाग झाले, आणि बडकी, छुटकी, नन्हे ही माणसं शेवटपर्यंत आपल्या स्वभावाला धरून राहिली. अमेरिकेत या कामाला हेड रायटर असतो. अनेक जण लिहितात, पण पुढच्या काही महिन्यांची गोष्ट आणि प्रत्येकाचा मागचा इतिहास त्या एकाकडं असतो. ॲग्नेस निक्सन यांनी १९७० मध्ये आलेल्या 'ऑल माय चिल्ड्रेन'ची माणसं, घराणी, नाती हे सगळं आधीच लिहून ठेवलं होतं, त्या दस्तऐवजाला बायबल म्हणतात. आपल्याकडंही सुरुवातीला बायबल लिहितात. मंजुरी मिळाली की ते मेलमध्ये पडून राहतं. पहिल्या भागानंतर त्यात कुणी एक ओळ वाढवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की साडीची वही जशी रोज लिहिली जाते तशी माणसांची वही रोज लिहिली जावी, त्यासाठी एक माणूस पगारावर ठेवावा. दिवसाच्या चित्रीकरणाच्या खर्चात तो खर्च दिसणारसुद्धा नाही. नाट्यशास्त्र शिकलेली, मन लावून मालिका बघणारी मुलं-मुली हे काम आनंदानं करतील.

आणि शेवट ठरवून सुरू करणं. २०१२ मधली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' लोकप्रिय असताना त्याच वर्षी संपवली गेली. दुसरीकडं 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग चालली, आणि तिचाही प्रेक्षक टिकून होता. लांबी कितीही असू शकते. पण कुठं जायचं ते माहीत असलेला लेखक रस्त्यात वेगळं लिहितो.

तुमच्या-माझ्या मुलखाबद्दलही बोललं पाहिजे, कारण सेलूत बसून बघताना एक गोष्ट तुम्हाला खटकत असणार. शूटिंग मुंबई-ठाण्यात, नाहीतर साताऱ्या-वाईकडं, कोल्हापूरला, नाशिकला होतं, कारण युनिट, सामान, नट सगळं तिकडं. मराठवाड्यातलं घर पडद्यावर क्वचित येतं आणि आलं तरी बोली येत नाही. "काय करायलीस" लिहून पाठवलं की "हे प्रेक्षकांना कळणार नाही" म्हणून ते "काय करतीयास" होऊन येतं, म्हणजे आमची बाई एकदम कृष्णाकाठची होते. लोकांनी नागपूरची बोली, मालवणी डोक्यावर घेतली, मग लातूरचं "येऊलाले" का कळू नये? बोली गेली की तिच्याबरोबर माणसाचा स्वभावही जातो. आमच्याकडची सासू रागावली की आवाज चढवत नाही, "असू दे माय, तुमचंच राज्य हाय" एवढं म्हणून भांडी आपटते. ते लिहिलं तर तिला कटकारस्थान करायची गरज उरत नाही. औरंगाबादच्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर ही मंडळी मुंबईला गेली, मकरंद अनासपुरे याच मातीतले, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून अजूनही दरवर्षी मुलं बाहेर पडतात. लिहिणारे, बोलणारे इथं भरपूर आहेत. इथल्या घरांच्या गोष्टी इथल्या लेखकानं लिहाव्यात आणि कथाविस्ताराच्या बैठकीत त्याला खुर्ची असावी. नुसते संवाद गावरान करून द्यायला त्याला बोलावू नये.

आता तुमचे थेट प्रश्न. लेखकांना दिसतं का? दिसतं. बहुतेकांना तुमच्यापेक्षा आधी दिसतं, आणि ते बोलतातही. पण मानधन भागामागं मिळतं, तेही बऱ्याच ठिकाणी प्रक्षेपणानंतर नव्वद दिवसांनी, आणि बदली लेखक एका फोनवर मिळतो. नाही म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात काम नसतं. मानाचि ही मालिका-नाटक-चित्रपट लेखकांची संघटना आहे, मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, तिथं मानधनाचे, श्रेयाचे प्रश्न मांडले जातात. लेखनाला वेळ किती मिळावा हाही तिथलाच प्रश्न आहे असं मी मानतो. प्रेक्षकांना कळत नाही असं धरतात का? लिहिणारे धरत नाहीत. पण "प्रेक्षकांना कुठं आठवतंय" हे वाक्य मी बैठकीत ऐकलंय, आणि दरवेळी मला आमच्या गल्लीतल्या बाया आठवल्या आहेत, ज्यांना वीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कुणाला कोणतं लुगडं मिळालं ते सांगता येतं.

बघणं सोडावं का? जी मालिका रोज संताप देते ती सोडा. चिडून बघितलं काय, आवडीनं बघितलं काय, मोजणीत दोन्ही सारखंच. तुमच्या घरी मीटर असण्याची शक्यता फार थोडी आहे, तरी शेजारच्या दोघींना, माहेरच्यांना तुम्ही जे सांगता त्याचा परिणाम होतो. नवी मालिका सुरू झाली आणि तिच्यात माणसं खरी वाटली, तर पहिल्या काही आठवड्यांतच ती वेळेवर टीव्हीवर बघा, कारण ती जगणार की नाही ते तेव्हाच ठरतं.

आणि लिहा. नट्यांना शिव्या देऊ नका. खलनायिका करणाऱ्या बाईला लोक काय काय लिहितात ते वाचवत नाही, तिनं तर फक्त आम्ही लिहिलेलं म्हटलेलं असतं. "बकवास, बंद करा" असं हजारांनी लिहिलं तरी बैठकीत त्याचं काही करता येत नाही. चॅनेलच्या पानावर, प्रोमोच्या खाली, त्या माणसाचं नाव घेऊन आणि मागचा प्रसंग सांगून लिहा. आईंना सांगायला लावा, तुम्ही टाइप करा: "शालनच्या वडिलांचं रान न वाचता अंगठा दिल्यामुळं गेलं होतं, तिनं तेव्हा शपथ घेतली होती. मग काल तिनं कागद न वाचता सही कशी केली?" प्रोमोखालच्या कमेंटा चॅनेलमध्ये वाचतात, त्यांतल्या निवडक बैठकीतही येतात. अशी एक कमेंट समोर असली की संवादलेखकाला म्हणता येतं, "बघा, त्यांना आठवतंय," आणि तो सीन बदलून मागता येतो.